समुद्राला नाका नव्हता

गोवामुक्तीचा इतिहास आपण दोन घटनांत सांगून संपवतो. पहिली १५ ऑगस्ट १९५५ ची. त्या दिवशी निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आत गेले आणि पोर्तुगीज गोळ्यांना बळी पडले. दुसरी डिसेंबर १९६१ ची, भारतीय सैन्याच्या कारवाईची. या दोहोंच्या मधली वर्षे आपल्या पुस्तकांत एखाद्या वाक्यात उरकली जातात : ‘भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली.’ ही नाकेबंदी १९५४ च्या उत्तरार्धात सुरू झाली, सत्याग्रहानंतर तिचा फास आवळला गेला आणि पुढे कमीअधिक कडकपणाने ती जवळजवळ सात वर्षे चालली. शस्त्र न उचलता केवळ व्यापार, पैसा आणि वाहतूक रोखून परक्या सत्तेला वाकवण्याचा स्वतंत्र भारताने आपल्या दाराशी केलेला हा सर्वांत मोठा प्रयोग होता. तो फसला. तो का फसला याची कारणे जितकी दिल्लीच्या धोरणात सापडतात, तितकीच मुरगावच्या धक्क्यावर, सिरिगावच्या खाणीत आणि बांदा-सातार्ड्याच्या पायवाटांवर सापडतात. फसला असे म्हणताना एक गोष्ट आधीच सांगायला हवी : हा प्रयोग करणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता. म्हणूनच त्याची तपासणी निष्ठुरपणे व्हायला हवी.

दिल्लीचा हिशेब वरवर पाहता बिनतोड होता. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०० चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे सहा लाख. तीन बाजूंना भारत. भाताचे पीक वर्षभर पुरत नसे. भाजीपाला, कांदे-बटाटे, गुरे, कापड, साखर हे सारे घाटावरून, विशेषतः बेळगावच्या बाजारातून उतरत असे. मुरगाव बंदर आणि तिथून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग हे १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराचे अपत्य होते. त्या करारात इंग्रजांनी गोव्याच्या मिठावर ताबा मिळवला आणि दोन्ही मुलखांतल्या जकातीच्या भिंती बारा वर्षांसाठी पाडल्या. करार १८९२ मध्ये संपला, भिंती पुन्हा उभ्या राहिल्या, पण रेल्वे राहिली आणि तिच्याबरोबर अवलंबनही राहिले. हुबळी-धारवाडचा माल मुरगावातून बाहेर जाई, त्यावर बंदर जगे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुंबईतला गोवेकर. बोटीवर नोकरी करणारा तारवटी, साहेबाच्या घरचा आचारी, बँडमधला वादक, गिरणीतला आणि कचेरीतला माणूस. मुंबईतल्या कुडींमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, दाटीवाटीने राहून तो दरमहा गावी मनीऑर्डर करी आणि त्या पैशावर साष्टी-बारदेशातली हजारो घरे चालत. पोर्तुगालने १९५० ची भारताची वाटाघाटींची विनंती धुडकावली होती, १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले होते, आणि १९५३ च्या जूनमध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली होती. बोलणी संपली होती, युद्ध नको होते. मग अन्न, रेल्वे आणि मनीऑर्डर या तीन दोऱ्या आपल्याच हातात आहेत, त्या ओढाव्यात, असा विचार नेहरूंच्या सरकारने केला तर त्यात वेडेपणा नव्हता.

दोऱ्या ओढल्या गेल्या त्या एकदम नव्हे. आधी ये-जा करण्यासाठी परवाने आले, मग मालावर बंधने आली, मग पैसे पाठवण्यावर. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोठी तुकडी हद्दीपार गेली, पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीने महाराष्ट्रभर रान उठवले, आणि १५ ऑगस्टच्या हत्याकांडानंतर देशभर संतापाची लाट आली. तेव्हा सरकारने उरलेसुरले दरवाजेही लावले. कॅसलरॉकहून खाली उतरणारी गाडी थांबली. मुंबई-पणजी आगबोटी बंद झाल्या. दोन्ही देशांचे उरलेले वाणिज्य दूतावासही बंद पडले. आपल्या भाषेने या सगळ्याला ‘नाकेबंदी’ हा अगदी नेमका शब्द दिला. बंद झाले ते नाके. बांदा, दोडामार्ग, अनमोड, माजाळी हे जमिनीवरचे नाके. समुद्राला नाका नव्हता, आणि तो रोखायचा तर नौदल उभे करावे लागले असते. परक्या बंदराची सागरी कोंडी म्हणजे युद्धाची कृती. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता. जे टाळण्यासाठी नाकेबंदी केली, तेच नाकेबंदी पूर्ण करण्यासाठी करावे लागले असते. हा पेच पहिल्या दिवसापासून तिच्या पोटात होता.

हाच उपाय दुसऱ्या ठिकाणी किती परिणामकारक ठरला, हे पाहिले की पेच अधिक स्पष्ट होतो. दादरा आणि नगर हवेली हे दमणचे दोन तुकडे पूर्णपणे भारतीय भूमीने वेढलेले होते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आझाद गोमंतक दल आणि इतर संघटनांच्या स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे उतरली होती. पोर्तुगीजांची कुमक दमणहून सिल्वासाला जायची तर भारतातून जावी लागणार होती, आणि भारताने वाट दिली नाही. बस, एवढेच. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता पोर्तुगालचा वाटेचा हक्क मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो नाकारला. आणि भारताने आपल्या जबाबदारीचा भंग केलेला नाही असे ठरवले. म्हणजे जिथे दार एकच होते आणि त्याची किल्ली आपल्या हाती होती, तिथे वाट अडवणे हे शस्त्र चालले, कायद्याच्या कसोटीवरही टिकले. गोव्यात मात्र सगळ्यात मोठे दार पश्चिमेला होते आणि ते अरबी समुद्रावर उघडत होते.

त्या दारातून काय गेले आणि काय आले, यातच या सात वर्षांची खरी कहाणी आहे. डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या डोंगरांत लोहखनिज होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलाद गिरण्या उभ्या करायच्या होत्या आणि त्यासाठी खनिज हवे होते. १९५१ मध्ये चौगुले यांच्या सिरिगाव खाणीसाठी जपानशी करार झाला : यंत्रसामग्री उधारीवर यावी, तिची फेड खनिजाने व्हावी. १९५० च्या सुमारास गोव्याची निर्यात लाखभर टनांच्या घरात होती. १९५४ मध्ये ती दहा लाखांवर गेली. नाकेबंदीच्या अखेरीस, १९६१ पर्यंत, ती साठ लाख टनांच्या आसपास पोचली. ज्या वर्षांत गोव्याचे अर्थकारण गुदमरायला हवे होते, त्याच वर्षांत त्याची निर्यात पाच-सहा पटींनी वाढली. जपानबरोबर पश्चिम जर्मनीही गिऱ्हाईक झाली. १९५९ मध्ये मुरगावात खनिज भरण्याचा यांत्रिक धक्का सुरू झाला. मांडवी आणि जुवारी या नद्या खनिजाच्या बार्जेसनी भरून गेल्या. हे परकीय चलन हाताशी असल्यामुळे बेळगावच्या बटाट्याच्या जागी हॉलंडचा बटाटा आला, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून आले. १९५५ मध्ये दाबोळीचा विमानतळ बांधला गेला, पोर्तुगीज हिंदुस्थानची स्वतःची विमान कंपनी निघाली आणि कराचीशी हवाई दुवा जुळला. १९५८ च्या सुमारास रुपयाशी नाते सांगणारी ‘रुपिया’ जाऊन एस्कुदो आला. भारतावरचे अवलंबन हीच ज्या शस्त्राची धार होती, ते अवलंबन नाकेबंदीनेच तोडून टाकले. दोरी ओढणाऱ्याच्या हातात अखेर दोरीचे टोक तेवढे राहिले.

खनिजाची लाट नाकेबंदीमुळे आली नाही, ती जपानच्या गरजेमुळे आली, असे कुणी म्हणेल. आणि ते खरेही आहे. नाकेबंदी नसती तरी खाणी वाढल्याच असत्या. पण याचा अर्थ धोरणाचा दोष कमी होत नाही, वाढतो. एखाद्या मुलखाची आर्थिक कोंडी करायची तर तो काय विकतो आणि कोण विकत घेतो, हा पहिला प्रश्न असायला हवा. गोव्याच्या खनिजाचे गिऱ्हाईक आपल्या बाजूने नव्हते आणि त्याला आपल्या बाजूने वळवण्याइतके वजन तेव्हाच्या भारतापाशी नव्हते. १९३५ मध्ये अबिसिनियावर चालून गेलेल्या इटलीवर राष्ट्रसंघाने निर्बंध घातले, पण तेल वगळले आणि सुएझ कालवा उघडा ठेवला. अबिसिनिया पडला आणि पुढच्या जुलैत निर्बंध उठले. ते उदाहरण नेहरूंच्या पिढीच्या डोळ्यांसमोर घडले होते. शत्रूला ज्याची सर्वाधिक गरज आहे ते रोखता येत नसेल, तर बाकीचे रोखून होणारा त्रास हा त्रासच राहतो, त्याचा दबाव बनत नाही.

आता जमिनीवरच्या नाक्यांकडे पाहू. तिथे दुसरीच गोष्ट घडत होती. गोव्यात आयातीवर बंधने फारशी नव्हती; भारतात परकीय चलनाच्या टंचाईमुळे ती कडक होती. स्वातंत्र्यानंतर भारतात सोन्याच्या आयातीला बंदी होती, त्यामुळे देशातला भाव जगाच्या भावापेक्षा बराच चढा होता, तर गोव्यात सोने मोकळेपणाने उतरत होते. घड्याळे, फाउंटन पेने, नायलॉनचे कापड, अत्तरे, दाढीची पाती यांचेही तेच. शिवाय मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता आणि हद्दीपलीकडे दारू उघड विकली जात होती. एका ओढ्याच्या दोन काठांवर एकाच वस्तूचे दोन भाव असले की तिसऱ्या दिवशी तिथे पायवाट पडते. तेरेखोलच्या खाडीतून, चोर्ल्याच्या आणि अनमोडच्या जंगलातून, दमणच्या किनाऱ्यावरून चोरटा व्यापार फोफावला. इकडून धान्य, भाजी, कापड जाई आणि तिकडून सोने येई. कस्टमचे शिपाई अपुरे होते हे खरे, पण संख्या दुप्पट केली असती तरी फार फरक पडला असता असे मला वाटत नाही. हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच भाषा, एकच नातीगोती, एकाच देवाची जत्रा असलेली गावे होती. पेडण्याची लेक सावंतवाडीला दिलेली आणि सातार्ड्याचे शेत पलीकडे कसलेले. अशा हद्दीवर पहारा बसवणे म्हणजे आपल्याच लोकांवर पहारा बसवणे. ज्याच्यापाशी होडी, ओळख आणि भांडवल होते त्याला नाका अडवू शकला नाही. ज्याच्यापाशी फक्त परवान्याचा अर्ज होता, तो अडला.

आणि अडला तो प्रामुख्याने गोमंतकीय. हा या धोरणाचा सर्वांत दुःखद भाग आहे. भारताची भूमिका होती की गोवा भारताचा आहे, गोमंतकीय आपलेच बांधव आहेत. नाकेबंदीची यंत्रणा मात्र त्यांना परके मानून चालत होती : परवाना दाखवा, कारण सांगा, मुदतीत परत या. मुंबईतल्या मुलाला आजारी आईच्या भेटीला जायचे तर कागद. फोंड्याच्या मंगेशीला किंवा शांतादुर्गेला कुळाचार करायचा तर कागद. मुंबई, पुणे, कारवार, बेळगाव इथल्या असंख्य घराण्यांची कुलदैवते त्या हद्दीपलीकडे होती. मनीऑर्डर बंद झाली तेव्हा खाणमालकाचे काही बिघडले नाही आणि गव्हर्नर जनरलचेही नाही. ज्या विधवेचे घर मुलाच्या बोटीवरच्या पगारावर चालत होते, तिची चूल अडली. आफ्रिकेतून आणि इराणी आखातातून येणारा पैसा चालूच होता, त्यामुळे एकाच वाड्यावर ज्याचा मुलगा नैरोबीला तो सुखात आणि ज्याचा मुंबईला तो विवंचनेत, अशी विचित्र विषमता आली. म्हणजे ज्याचे नाते भारताशी सर्वांत घट्ट, त्यालाच भारताच्या धोरणाची सर्वांत जास्त झळ. पोर्तुगीज प्रचाराने याचा पुरेपूर उपयोग केला यात नवल नाही. बेळगाव-हुबळीच्या व्यापाऱ्यांनी हक्काची पेठ आणि जवळचे बंदर गमावले, हा आपल्या बाजूचा तोटाही कुणी फारसा मोजला नाही. पुढे सरकारने प्रवासाच्या आणि इतर काही अटी सैल केल्या. झळ चुकीच्या माणसांना लागते आहे याची ती कबुलीच होती.

या सगळ्यामागे एक गृहीतक होते : लोकांना त्रास झाला की ते राज्यकर्त्यांवर दबाव आणतील आणि राज्यकर्ते नमतील. जिथे मत विचारले जाते, वर्तमानपत्र मोकळे असते, तिथे हे होऊ शकते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत ना लिस्बनमध्ये मोकळी निवडणूक होती, ना पणजीत मोकळी सभा. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभा घेण्याचा प्रयत्न केला तो याच बंदीविरुद्ध. जो तोंड उघडेल तो आग्वादच्या तुरुंगात किंवा थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात जाई. अशा राजवटीवर प्रजेच्या त्रासाचा दबाव पडत नाही. शिवाय सालाझारच्या लेखी गोवा हा नफ्या-तोट्याचा प्रश्नच नव्हता. गोवा सोडला तर अंगोला आणि मोझांबिकचा पाया हलतो, हे तो जाणून होता. गोव्यातले सैन्य पोसण्याचा खर्च तो त्या मोठ्या साम्राज्याचा विमा म्हणून करत होता. पुढे १९६५ नंतर ऱ्होडेशियाच्या गोऱ्या राजवटीवर निर्बंध आले, तेव्हा याच पोर्तुगालच्या मोझांबिकमधून तिला तेल पोचत राहिले. निर्बंध कसे चुकवावेत याचे शिक्षण लिस्बनला मुरगावातच मिळाले होते.

तरीही नाकेबंदीच्या बाजूने दोन गोष्टी गंभीरपणे म्हणता येतात. पहिली, दुसरा मार्ग कोणता होता? १९५५ मध्ये सैन्य घातले असते तर शांततेचा पुरस्कार करणाऱ्या नव्या देशाची जगात काय पत राहिली असती? दुसरी, आपण सगळे शांततेचे उपाय करून पाहिले, हे सांगण्याचा अधिकार भारताला याच सात वर्षांनी मिळवून दिला. दुसरा मुद्दा मला अंशतः पटतो. हेगच्या निकालात भारताची बाजू सुटली, आणि १९६० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वसाहतवादाच्या अंताचा ठराव केला तेव्हा भारताचा संयम जमेस धरला गेला. पण १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देशांनी त्या संयमाची काही किंमत ठेवली नाही. भारताला वाचवले ते सोव्हिएत नकाराधिकाराने. पहिल्या मुद्द्याचे उत्तर असे की मार्ग फक्त दोनच नव्हते. पैसा आणि माणसांची ये-जा मोकळी ठेवून सैन्याला आणि शासनाला उपयोगी पडणारा माल तेवढा रोखता आला असता. मनीऑर्डर चालू ठेवून मुंबईचा धागा जपता आला असता. तसे केल्याने सालाझार नमला असता असे मी म्हणत नाही. गोमंतकीयांच्या मनात भारत हा आपले दार लावणारा शेजारी म्हणून मात्र उरला नसता. नाकेबंदी सगळ्यांवर सरसकट घातली गेली, कारण सरसकट आदेश काढायला सोपा असतो आणि तो काढला की संतापलेल्या लोकसभेला काही तरी केल्याचे दिसते. निर्बंधांच्या बाबतीत हा मोह प्रत्येक सरकारला पडतो, तेव्हाही पडला.

१९६१ च्या नोव्हेंबरमध्ये अंजदीव बेटावरून भारतीय बोटीवर गोळीबार झाला आणि महिन्याभरात निर्णय झाला. १८ डिसेंबरला सैन्य आत शिरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा याने शरणागती पत्करली. अखेरपर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम त्याने पाळला नाही. तेव्हा गोव्यात पोर्तुगालचे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक होते. सात वर्षांची कोंडी त्यांना उपाशी ठेवू शकली नव्हती. मुक्त गोव्यात भारताला जो बाजार सापडला, तो परदेशी मालाने भरलेला होता. लोहखनिज जपानला जातच राहिले आणि १९६३ मध्ये मुरगाव भारताचे प्रमुख बंदर झाले.

खनिजाचे टन, बंदरातली जहाजे, हेगचे निकालपत्र हे सारे कागदोपत्री जपलेले आहे. थांबलेल्या मनीऑर्डरींची, न मिळालेल्या परवान्यांची, चुकलेल्या अंत्यदर्शनांची नोंद कुठल्याही दप्तरात एकत्र नाही. ज्यांनी हे दिवस जाणत्या वयात पाहिले ती माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. पेडण्यात, बांद्यात, माजाळीत, मुंबईतल्या उरल्यासुरल्या कुडींत त्यांच्याशी बोलायला वेळ फार थोडा आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे कुणी असेल, त्यांनी ते बोलणे या वर्षीच लिहून ठेवावे.